कंपनी कमांडरला कंपनीसोबत राहू द्या: संरक्षण मंत्रालय आणि लष्कर मुख्यालयाला एक खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार,
माननीय लष्करप्रमुख,
आणि लष्कर मुख्यालयातील मिलिटरी सेक्रेटरी शाखेचे वरिष्ठ अधिकारी

विषय: पायदळातील अधिकाऱ्यांचा कंपनी आणि पलटण (बटालियन) सांभाळण्याचा कालावधी

महोदय,

पायदळातील अधिकाऱ्याच्या कारकिर्दीबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक तिच्या दोन टोकांबद्दल. एका टोकाला डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत पासिंग आउट परेडनंतर मुलाच्या खांद्यावर तारे लावणारे आईवडील असतात आणि दुसऱ्या टोकाला मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल अशा पदांपर्यंत पोहोचलेल्या मोजक्या जणांची नावे असतात. या दोहोंच्या मध्ये, साधारणपणे नोकरीच्या सहाव्या वर्षापासून बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत, हा अधिकारी शंभर-सव्वाशे जवानांच्या कंपनीचा प्रमुख असतो, किंवा असायला हवा. पायदळाची लढण्याची ताकद याच पातळीवर घडते आणि अधिकारीही याच वर्षांत घडतो. ही वर्षे आखूड झाली आहेत, तुकड्यातुकड्यांत विभागली गेली आहेत, आणि ती पुन्हा सलग व सुरक्षित व्हावीत, हे मागणे मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे. कंपनीही सांभाळली आणि पुढे पलटणही सांभाळली. माझी कोणत्याही व्यक्तीविरुद्ध किंवा निर्णयाविरुद्ध वैयक्तिक तक्रार नाही. पत्र खुले ठेवण्याचे कारण इतकेच की, ज्या घरांतून मुले पायदळात जातात त्या घरांनाही हा प्रश्न कळायला हवा. आपला मुलगा कोणत्या हुद्द्यावर आहे हे त्यांना माहीत असते. त्याच हुद्द्यावर त्याला नेमके कोणते काम किती काळ करायला मिळते, हे मात्र बाहेरच्या कोणालाच दिसत नाही.

वाचकांसाठी या वाटेचा आराखडा थोडक्यात सांगतो. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे आणि नंतर डेहराडूनला एक वर्ष, किंवा पदवीनंतर थेट डेहराडूनला दीड वर्ष, किंवा अल्पसेवा कमिशनसाठी ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत सुमारे एक वर्ष, एवढ्या प्रशिक्षणानंतर तरुण लेफ्टनंट होऊन पलटणीत दाखल होतो. महूच्या इन्फंट्री स्कूलचा यंग ऑफिसर्स कोर्स आणि बेळगावचा कमांडो कोर्स पहिल्या काही वर्षांतच येतो. 2 वर्षांनी तो कॅप्टन होतो, 6 वर्षांनी मेजर आणि 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. इथवरच्या बढत्या सेवाकाळानुसार मिळतात. पुढे कर्नल होण्यासाठी निवड मंडळासमोर त्याची कागदपत्रे जातात, आणि पिरॅमिड अरुंद होत जातो तो येथून.

आपल्या पायदळात प्लाटूनचे, म्हणजे कंपनीतल्या लहान तुकडीचे, नेतृत्व बहुधा जेसीओंकडे, म्हणजे सुभेदार किंवा नायब सुभेदारांकडे असते. त्यामुळे अधिकाऱ्याचे पहिले खरेखुरे स्वतंत्र नेतृत्व हे कंपनीचेच असते. नियंत्रण रेषेवरच्या ठाण्यावर कंपनी कमांडर काय करतो, हे कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे लिहिलेले नसते. कोणता हवालदार रात्रीच्या गस्तीत शांत राहतो आणि कोणता घाईने गोळी चालवतो, कोणाच्या घरी जमिनीचा वाद चिघळला आहे आणि म्हणून तो चार दिवसांपासून गप्प आहे, कोणाचा गुडघा दुखतो पण तो सांगत नाही, नव्या आलेल्या पोरांपैकी लाइट मशीनगन कोणाच्या हाती द्यावी, रजेची यादी लावताना कोणाला पुढे घ्यावे, हे सगळे त्याला माहीत असावे लागते. ही माहिती कागदावर मिळत नाही. ती सकाळच्या पीटीला, बंकरमधल्या चहाला, रात्री चौक्या तपासताना, हळूहळू गोळा होते. वीस-बावीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार नव्या साहेबाचे आदेश पहिल्या दिवसापासून पाळतो, परंतु त्याला मनातले खरे मत सांगायला मात्र काही महिने घेतो. त्याने ते सांगायला सुरुवात केली की समजावे, आता कंपनी कमांडर खऱ्या अर्थाने कंपनीत आला आहे. आजच्या पद्धतीत बरेचदा असे होते की, हा टप्पा गाठता गाठता त्याच्या बदलीचा किंवा कोर्सचा आदेश येतो.

आपल्या पायदळाच्या इतिहासातल्या ज्या लढाया शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत त्या बहुतांशी कंपनी पातळीवर लढल्या गेल्या, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगामला मेजर सोमनाथ शर्मा 4 कुमाऊंच्या डी कंपनीचे नेतृत्व करीत होते. हात प्लास्टरमध्ये असतानाही आपली कंपनी जाते आहे तर आपणही जाणार, असा त्यांचा आग्रह होता. 18 नोव्हेंबर 1962 रोजी रेझांग ला येथे मेजर शैतान सिंह यांच्यासोबत 13 कुमाऊंची चार्ली कंपनी जवळजवळ संपूर्ण कामी आली, पण जागा सोडून हटली नाही. डिसेंबर 1971 मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटी ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे 23 पंजाबची एकच कंपनी होती आणि समोरून रणगाडे येत होते. 13 जून 1999 च्या पहाटे तोलोलिंगवर 2 राजपुताना रायफल्सचे मेजर विवेक गुप्ता आपल्या कंपनीच्या पुढे चालत असताना धारातीर्थी पडले. त्या त्या वेळी वर ब्रिगेड होती, डिव्हिजन होती, नकाशे होते, तोफखाना होता. तरीही निर्णायक क्षणी जवानांनी पाहिले ते कंपनी कमांडरकडेच, आणि तो त्यांच्या परिचयाचा होता.

कारगिलच्या तरुण अधिकाऱ्यांचा उल्लेख करून कोणी म्हणेल की, अनुभवाची वर्षे मोजण्यात अर्थ नाही. कॅप्टन विक्रम बत्रा यांना कमिशन मिळून दीड वर्ष झाले होते आणि कॅप्टन विजयंत थापर यांना तर जेमतेम सहा महिने. त्यांच्या धैर्याला कोणतेही मोजमाप लावण्याचा अधिकार मला नाही. परंतु हे तरुण ज्या पलटणींत होते त्या पलटणींत त्यांच्यावर लक्ष ठेवणारे, त्यांना घडवणारे मेजर आणि कमांडिंग ऑफिसर हजर होते. 13 जम्मू अँड काश्मीर रायफल्सचे त्या वेळचे कमांडिंग ऑफिसर योगेश कुमार जोशी पुढे उत्तर कमांडचे प्रमुख झाले. नव्या लेफ्टनंटला लढाईआधीच्या सहा महिन्यांत जे काही शिकायला मिळते ते कंपनी कमांडरकडूनच मिळते. तो कंपनी कमांडर स्वतःच कंपनीत नवा असेल, तर शिकणारा आणि शिकवणारा दोघेही एकाच वेळी चाचपडत राहतात.

मग ही वर्षे जातात कुठे? मेजर झाल्यानंतरच्या सहा-सात वर्षांत आपण या अधिकाऱ्याकडून काय काय अपेक्षितो ते एकत्र मांडून पाहावे. त्याने महूच्या आर्मी वॉर कॉलेजचा ज्युनिअर कमांड कोर्स करावा. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करावी, ती उत्तीर्ण व्हावी, आणि मग तिथे जाऊन जवळपास एक वर्ष घालवावे. एखाद्या ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या मुख्यालयात स्टाफ नेमणूक करावी. प्रबोधिनीत किंवा एखाद्या प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षक म्हणून जावे. राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादविरोधी दलात, एक कार्यकाळ पूर्ण करावा. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत संधी मिळाली तर तीही घ्यावी. यातील एकही अपेक्षा अवास्तव नाही, आणि राष्ट्रीय रायफल्समध्ये तर कंपनी सांभाळण्याचाच अनुभव मिळतो, जो अत्यंत मोलाचा आहे. परंतु या सगळ्यांची बेरीज केली की स्वतःच्या पलटणीतल्या स्वतःच्या कंपनीसाठी सलग म्हणावा असा काळ फार थोडा उरतो. निवड मंडळासाठी कंपनी सांभाळल्याचा जो किमान कालावधी लागतो तो पूर्ण होतो, त्या काळातला गोपनीय अहवाल लिहिला जातो, आणि अधिकारी पुढे जातो. किमान कालावधी हाच प्रत्यक्षात कमाल कालावधी होऊन बसला आहे.

येथे समित्यांच्या कामाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण मूळ विचार योग्य होता. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने सैन्य तरुण ठेवण्याची गरज सांगितली, आणि त्यानंतरच्या अजय विक्रम सिंह समितीने पलटणी व ब्रिगेडींचे प्रमुख कमी वयाचे असावेत यासाठी उपाय सुचवले. 2004 च्या अखेरीस सेवाकाळानुसार मिळणाऱ्या बढत्या लवकर होऊ लागल्या, त्या याच समितीमुळे. सोळा-सतरा हजार फुटांवर पलटण घेऊन चढणारा कमांडिंग ऑफिसर पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यानचा असावा, यावर पायदळातला कोणीही वाद घालणार नाही. पण वय कमी करायचे तर ती वर्षे कुठून तरी कमी करावी लागतात, आणि ती कमी झाली कंपनी पातळीवरून. कोर्स तेवढेच राहिले, स्टाफच्या जागा तेवढ्याच राहिल्या. समितीचा उद्देश तरुण नेतृत्वाचा होता. कमी अनुभवाचे नेतृत्व हा तिचा उद्देश नव्हता.

अधिकाऱ्यांच्या कमतरतेने हा ताण आणखी वाढतो. संसदेत दिलेल्या उत्तरांनुसार लष्करातील अधिकाऱ्यांची तूट गेली काही वर्षे सात-आठ हजारांच्या घरात राहिली आहे. मुख्यालयातली खुर्ची सहसा रिकामी ठेवली जात नाही. त्यामुळे तुटीचा भार उतरतो तो पलटणीवर. कागदावर वीसच्या आसपास अधिकारी असलेल्या पलटणीत कोर्स, रजा, तात्पुरत्या नेमणुका वजा जाता अनेकदा त्याच्या निम्मेच हजर असतात. मग एखादा कॅप्टन कंपनीही सांभाळतो आणि क्वार्टरमास्टरचे कामही पाहतो, किंवा एकच मेजर दोन कंपन्यांच्या कागदांवर सह्या करतो. हे चालते, कारण जेसीओ ते चालवतात. पण जेसीओंच्या निष्ठेवर आपण किती काळ आणि किती भार टाकणार आहोत, याचा विचार मंत्रालयाने करायला हवा.

या संदर्भात अल्पसेवा कमिशनच्या अधिकाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 10 वर्षे आणि वाढवून मिळाल्यास आणखी 4 वर्षे सेवा करणारे हे अधिकारी आपली जवळपास सगळी नोकरी लेफ्टनंट ते मेजर या पातळीवर, म्हणजे नेमकी कंपनीतच करतात. पलटणीतली पोकळी भरून काढण्याचे सर्वात सरळ साधन तेच आहेत. परंतु 14 वर्षे सीमेवर काढून पस्तिशी-चाळिशीत ते निवृत्तिवेतनाशिवाय बाहेर पडतात. त्यांच्या पुढच्या आयुष्याची सन्मानाने सोय झाली तर अधिक चांगले तरुण या वाटेने येतील आणि कंपन्यांना माणसे मिळतील. हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, म्हणून येथे एवढेच.

गोपनीय अहवालाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण काळाच्या तुटवड्याचा सर्वात खोल परिणाम तेथे दिसतो. कंपनी कमांडरचा अहवाल त्याचा कमांडिंग ऑफिसर लिहितो, ब्रिगेड कमांडर त्यावर आपले मत देतो आणि त्याच्याही वरचा अधिकारी ते पाहतो. गुण 9 च्या मापाने दिले जातात, आणि प्रत्यक्षात 8 व 9 यांच्या आसपासच सगळे जीवनमरण असते. एखादा 7 पुढच्या निवडीत आडवा येऊ शकतो, हे प्रत्येक तरुण मेजरला माहीत असते. कंपनीत मोजकाच काळ मिळणार आणि त्या काळातल्या एक-दोन अहवालांवर पुढची वीस वर्षे ठरणार, असे असेल तर माणूस काय करेल? जे काम अहवालाच्या काळात दिसेल ते तो आधी करेल. जवानांचे नेमबाजीचे प्रशिक्षण, सेक्शन कमांडर तयार करणे, नव्या पोरांना रात्रीच्या हालचालीची सवय लावणे, यांची फळे दीड-दोन वर्षांनी मिळतात आणि ती बहुधा पुढच्या कंपनी कमांडरच्या वाट्याला येतात. ठाण्याची रंगरंगोटी, सादरीकरण, स्पर्धेतली ढाल ही लगेच दिसते. मी ज्यांच्यासोबत नोकरी केली त्यातले बहुसंख्य अधिकारी या मोहाला बळी पडले नाहीत, हे मी अभिमानाने सांगतो. पण प्रामाणिकपणा टिकवण्यासाठी अधिकाऱ्याला व्यवस्थेच्या विरुद्ध पोहावे लागू नये.

जगातल्या दुसऱ्या एका सैन्याने याची किंमत मोजली आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकाचा तिथला कार्यकाळ साधारण एक वर्षाचा असे, आणि कंपनी व बटालियन सांभाळणारे अधिकारी मात्र बरेचदा सहा महिन्यांतच बदलले जात, कारण जास्तीत जास्त अधिकाऱ्यांच्या नोंदीत युद्धातले नेतृत्व यावे असे व्यवस्थेला वाटत होते. जवान शिकलेला आणि अधिकारी शिकाऊ, अशी उलटी स्थिती त्यामुळे पुन्हा पुन्हा निर्माण झाली. 1970 मध्ये त्यांच्याच आर्मी वॉर कॉलेजने लष्करी व्यावसायिकतेवर जो अभ्यास केला त्यात अधिकाऱ्यांनी स्वतःच सांगितले की, आदर्श आणि प्रत्यक्ष वागणूक यांत दरी पडली आहे आणि तात्पुरत्या, आकड्यांत दाखवता येणाऱ्या यशाला अवाजवी महत्त्व आले आहे. आपली परिस्थिती तेवढी बिघडलेली नाही. ती बिघडण्याआधी हा धडा घेता येईल, म्हणूनच मी तो येथे मांडत आहे.

आता या प्रश्नाला एक नवी निकड आली आहे. 2022 मध्ये अग्निपथ योजना सुरू झाली. अग्निवीराचा कार्यकाळ 4 वर्षांचा, त्यातले सुमारे अर्धे वर्ष प्रशिक्षणाचे, आणि नंतर जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद. या योजनेच्या गुणदोषांवर पुष्कळ चर्चा झाली आहे आणि ती चर्चा मी येथे उकरून काढणार नाही. परंतु तिचा एक परिणाम निर्विवाद आहे. पूर्वी कंपनीत अधिकारी बदलत असत आणि जवान टिकून राहत; पंधरा-सतरा वर्षे एकाच पलटणीत असलेला शिपाई, नाईक, हवालदार हीच कंपनीची स्मृती होती. आता कंपनीतले बरेच जवानही चार वर्षांत बदलणार. शिवाय त्यांच्यातून कोणाला ठेवायचे याचा आधार कंपनीत रोज त्याच्यासोबत असणाऱ्यांचे मूल्यमापन हाच असणार. ज्या कंपनी कमांडरने त्या मुलाला पुरते एक वर्षही पाहिलेले नाही, त्याचे मत त्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय करताना किती वजनदार मानावे? 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या आरंभी दाखल झालेल्या पहिल्या अग्निवीरांची चार वर्षे 2026 च्या अखेरीस व 2027 च्या आरंभी पूर्ण होतात. जवानांचा कार्यकाळ आपण आखूड केला असेल, तर अधिकाऱ्याचा कंपनीतला कार्यकाळ लांबवणे हे त्याचे आवश्यक प्रतिवजन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाच विचार पलटणीच्या नेतृत्वालाही लागू होतो. पायदळात कमांडिंग ऑफिसरला पलटण साधारणपणे दोन-अडीच वर्षे मिळते, तर लष्करातील काही अन्य शाखांमध्ये हा काळ बराच अधिक असतो. पायदळातील कार्यकाळ आखूड ठेवल्याने अधिक अधिकाऱ्यांना पलटण सांभाळता येते आणि प्रमुखांचे वय कमी राहते, असे यामागचे गणित आहे. त्यावर आधारित कर्नलपदांच्या वाटपाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायालयाने त्या धोरणाचे तत्त्व मान्य केले. कायद्याचा प्रश्न तेथे संपला. व्यवसायाचा प्रश्न शिल्लक आहे. पलटणीचे एक प्रशिक्षणचक्र, एक शांतता-स्थानकातला काळ आणि एक सीमेवरचा काळ, एवढे तरी एकाच कमांडिंग ऑफिसरने पाहावे, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. गलवानमध्ये 15 जून 2020 च्या रात्री 16 बिहारचे कर्नल बी. संतोष बाबू आपल्या जवानांच्या पुढे होते. 2004 मध्ये त्यांना कमिशन मिळाले ते याच पलटणीत. लेफ्टनंट म्हणून ज्या पलटणीत माणूस दाखल होतो तीच पलटण पुढे तो सांभाळतो, ही आपल्या पायदळाची परंपरा आहे आणि ती जपण्यासारखी आहे. परंतु अधिकारी मधल्या काळात आपल्या पलटणीत पुरेसा राहिलाच नसेल, तर ती परंपरा नुसत्या नोंदीपुरती उरते.

माझ्या मागणीवर एक प्रामाणिक आक्षेप येईल आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. प्रत्येकाने कंपनीत आणि पलटणीत अधिक काळ राहायचे ठरवले तर इतरांना संधी कधी मिळणार? याचे उत्तर निवड न झालेल्यांना आपण कसे वागवतो यात दडलेले आहे. कर्नलपदासाठी अधिकाऱ्याचा विचार तीनदा होतो. तिसऱ्यांदाही नाव आले नाही तर चाळिशीच्या आसपासचा, पंधरा-सतरा वर्षे जंगलात, बर्फात, ठाण्यांवर काढलेला लेफ्टनंट कर्नल उरलेली नोकरी आपल्यापेक्षा कनिष्ठ असलेल्यांच्या हाताखाली करतो. 26 वर्षे पूर्ण झाल्यावर सेवाकाळानुसार त्याला कर्नल हा हुद्दा मिळतो, पलटण मात्र मिळत नाही. या अवस्थेची भीती इतकी मोठी आहे की, प्रत्येक तरुण मेजर कंपनीकडे एक पायरी म्हणून पाहू लागतो. ही भीती कमी केल्याशिवाय कंपनीतला काळ खऱ्या अर्थाने मोकळा होणार नाही.

आणि ती कमी करता येईल. निवड न झालेल्या या अधिकाऱ्यांकडे जे ज्ञान आहे ते रेजिमेंटल सेंटरांमध्ये, सियाचिनच्या बॅटल स्कूलमध्ये, मिझोरममधील वैरेंगटेच्या बंडखोरीविरोधी युद्धशाळेत, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये अत्यंत उपयोगी आहे. आज तिथे जे तरुण मेजर प्रशिक्षक म्हणून जातात त्यांच्या काही जागा या अनुभवी लेफ्टनंट कर्नलांना स्थिर, चार-पाच वर्षांच्या, सन्मानाच्या नेमणुका म्हणून द्याव्यात. त्यामुळे तरुण मेजर पलटणीत परततील, आणि अग्निवीर घडवण्याचे काम लढाई पाहिलेल्या माणसांच्या हाती येईल. अशा अधिकाऱ्याच्या मुलांना शाळेची चार वर्षे एका गावात मिळतील, हाही काही लहान लाभ नाही. पायदळातली मुले दर दोन वर्षांनी नव्या वर्गात, अनेकदा वडिलांशिवाय, बसत आली आहेत.

डेहराडूनच्या चेटवुड सभागृहात प्रत्येक कॅडेटने वाचलेल्या शब्दांमध्ये देशाच्या सुरक्षिततेनंतर दुसरे स्थान आहे ते अधिकाऱ्याच्या हाताखालील जवानांच्या सन्मानाला, कल्याणाला आणि सुखसोयीला. अधिकाऱ्याचे स्वतःचे सुख शेवटी येते. हे दुसरे कर्तव्य पार पाडायचे तर ते जवान कोण आहेत हे आधी माहीत असावे लागते, आणि त्यासाठी काळ लागतो. तो काळ देणे अधिकाऱ्याच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

म्हणून माझी विनंती अशी. पायदळातील प्रत्येक मेजरला आपल्या पलटणीत किंवा राष्ट्रीय रायफल्समध्ये किमान 24 महिने सलग कंपनी सांभाळायला मिळावी, आणि त्या काळात वैद्यकीय कारण किंवा युद्धस्थिती सोडून कोणत्याही कोर्ससाठी अथवा तात्पुरत्या नेमणुकीसाठी त्याला हलवू नये. स्टाफ कॉलेजच्या प्रवेशाला हा कालावधी पूर्ण होण्याची अट जोडावी, म्हणजे परीक्षेची तयारी कंपनीच्या वेळेतून होणार नाही. निवड मंडळाने एका अहवालापेक्षा त्या संपूर्ण काळातील अहवालांचा एकत्र विचार करावा. कमांडिंग ऑफिसरचा कार्यकाळ 3 वर्षांचा करून पाहावा. हवे तर सुरुवातीला काही रेजिमेंटांपुरता. आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर दरवर्षी एक साधी माहिती ठेवावी: पायदळातील मेजरने सरासरी किती महिने सलग कंपनी सांभाळली, आणि पलटणीत मंजूर अधिकाऱ्यांपैकी सरासरी किती प्रत्यक्ष हजर होते. पलटणींची नावे, जागा, तैनाती यांतले काहीही उघड न करता ही दोन सरासरी देता येतात, त्यामुळे सुरक्षिततेचे कारण येथे आडवे येऊ नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. मिलिटरी सेक्रेटरी शाखेच्या नेमणूक-धोरणात बदल पुरेसा आहे. पहिले अग्निवीर आपली चार वर्षे पूर्ण करतील त्याआधी निदान कंपनी कमांडरच्या 24 महिन्यांविषयीचा निर्णय जाहीर व्हावा, ही आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
पायदळातील एक निवृत्त अधिकारी